शून्य आधी लिहा

हिंजवडी, फेज दोन, पाचवा मजला.
शुक्रवार, सहा वाजून दहा मिनिटं.
खाली लाल दिव्यांची रांग जागच्या जागी शिजते आहे.
वर मीटिंग रूममध्ये केक आलाय,
त्याच्यावर आयसिंगनं नव्या आवृत्तीचा नंबर.
मी आधी तो नंबर बरोबर आहे का ते पाहते.
सवय.

माझ्याकडे दोन बग उरलेत.
पहिला: औषधाच्या लेबलावर 'ळ' उमटत नाही,
सकाळ, संध्याकाळ, दोन्हींच्या पोटात चौकोनी भोक.
गंभीरता, मी लिहिलं: किरकोळ.

दुसरा: सिस्टरनं घाईत शून्य न लिहिता
नुसतं टिंब आणि पाच टाइप केलं
की टिंब गळून पडतं.
अर्ध्या मिलीचे पाच मिली होतात.
लहान मुलांचं सिरप.
इथे मी यादीतला सगळ्यात वरचा पर्याय निवडला.
त्याच्या वर अजून एखादा असता तर तोही निवडला असता.

"पण असं टाइप कोण करतं?" बेहेरे सर.
मी केलं, सर.
"तू टेस्टर आहेस. तू काहीही करशील."
सगळे हसले. मीही हसले,
आणि ते मला अजून टोचतंय.

मग डेमो झाला.
हॉस्पिटलचे संचालक डॉक्टर मुळे,
स्क्रीनवर त्यांच्याच नावाच्या मधोमध भोक.
चाळीस मिनिटांत तीन डेव्हलपर,
खुर्ची न ओढता, उभ्या उभ्या,
'ळ' परत आला.
माझं आडनाव ढोबळे.
सहा महिने मीही त्या लेबलांवर भोकासकट छापली जात होते,
तेव्हा कोणी उभं राहिलं नव्हतं.

टिंब कोणाच्या आडनावात नसतं.
टिंबाला पुढचा स्प्रिंट मिळाला.
पुढचा स्प्रिंट म्हणजे किराणा दुकानातली पाटी,
आज रोख, उद्या उधार.
ती पाटी रोज खरी असते.

बाबा भोसरीला तपासणीला होते.
त्यांच्या गेजला दोन तोंडं,
एक भोकात जायलाच हवं,
दुसरं जाता कामा नये.
'बघू' नावाचं तिसरं तोंड नव्हतं.
नापास तुकडा लाल डब्यात, ठण्णकन.
माझ्या नापासला आवाज नाही,
एक ड्रॉपडाउन आहे, तो कोणीही परत उघडतं.
(महिनाअखेरीच्या रात्री बाबाही
लाल डब्यातले चारदोन तुकडे परत मोजायला घ्यायचे,
हे आईनं सांगितलं, फार उशिरा.
त्या रात्री ते जेवायचे नाहीत, एवढंच.)

मंजुरीच्या फॉर्मवर मी नाव घातलं नाही.
रिकामा ठेवला.
चोवीस तासांनी रिकामा फॉर्म आपोआप मंजूर होतो.
हा बग मीच नोंदवला होता, तीन वर्षांपूर्वी.
शेरा: असंच अपेक्षित आहे.

केकचा तुकडा टिश्यूत गुंडाळून मी जिन्यात गेले
आणि मंचरला फोन लावला, थोरवे सिस्टरना.
हे माझ्या कामात बसत नाही.
म्हटलं, सिस्टर, सोमवारपासून नवीन येतंय,
टिंबाच्या आधी शून्य लिहा.
प्रत्येक वेळी. सगळ्यांना सांगा. भिंतीवर चिकटवा.

पलीकडे कोणाचं तरी बाळ रडत होतं.
"अहो मॅडम," त्या म्हणाल्या,
"तुमच्या लेबलावर आम्ही कधीच जात नाही.
बाटलीवर पेननं परत लिहितो, अक्षरात.
अर्धा. असं."

मी जिन्यात बसून राहिले.
बरं वाटलं.
मग किती वाईट वाटायला हवं होतं, ते मोजत बसले.
मग आठवलं, थोरवे सिस्टर
मार्चला रिटायर होतायत.